मरणाचा निरोप

कॅन्सरची पेशी मारण्याची ताकद आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये आधीपासूनच असते. विषाणू शिरलेल्या पेशी त्या दर पावसाळ्यात मारतात, आणि तेच हत्यार कॅन्सरवरही चालतं. घोडं अडतं ते ओळखण्यापाशी. कोणती पेशी मारायची हे कळलं, की पुढचं काम काही मिनिटांचं असतं; ते कळलंच नाही, तर रक्तात कोट्यवधी मारक पेशी फिरत असतानाही गाठ वाढत राहते.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईला आयआयटीचं गेट लागतं. अंधेरीहून कांजूरमार्गला जाणारी माणसं रोज त्यासमोरच्या ट्रॅफिकमध्ये खोळंबलेली असतात. या गेटाच्या आत, जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात प्रा. राहुल पुरवार 2013 साली रुजू झाले आणि त्यांनी ओळखण्याच्या नेमक्या याच अडचणीला हात घातला. त्यातून जे निघालं त्याकडे आपण येणारच आहोत. पण त्याचं मोल कळायचं, तर पेशी मरते कशी हे आधी नीट पाहायला हवं.

प्रौढ माणसाच्या शरीरात रोज काही हजार कोटी पेशी मरतात आणि त्याला पत्ताही लागत नाही. या मरणात गडबड नसते. पेशी आक्रसते, तिचं केंद्रक तुकड्यातुकड्यांत मोडतं, पेशीपटलावर फुगे येतात आणि शेजारच्या पेशी ते अवशेष गिळून टाकतात. 1972 साली केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी या प्रकाराला अपॉप्टोसिस असं नाव दिलं. गर्भात बोटांमधला पडदा झडून बोटं सुटी होतात, तीही याच मरणामुळे. त्याची सगळी यंत्रणा प्रत्येक पेशीत जन्मापासून तयार असते. कॅस्पेज नावाची प्रथिनं कापणारी विकरं आत निद्रिस्त पडलेली असतात. ती जागी झाली की पेशी स्वतःच स्वतःला मोडीत काढते.

मारक पेशी नेमका याचाच फायदा घेते. ती समोरच्या पेशीला ठेचत नाही, जाळत नाही. मरणाचा निरोप ती आतपर्यंत पोचवते आणि बाकीचं काम त्या पेशीकडूनच करून घेते.

हा निरोप कुणाला द्यायचा, हे कसं ठरतं? सोसायटीत सकाळी प्रत्येक दाराबाहेर कचऱ्याची बादली ठेवलेली असते. आत डोकावायची गरज नाही; बादली पाहिली तरी घरात काल काय शिजलं ते कळतं. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी असंच करते. आतली जुनी, मोडकी प्रथिनं ती सतत कापत असते आणि त्यातले आठ-दहा अमिनो आम्लांचे बारके तुकडे एचएलए नावाच्या रेणूवर ठेवून पटलाबाहेर मांडते. टी पेशी नावाची पांढरी पेशी दारोदार फिरून हे तुकडे तपासते. तुकडे घरचे असले तर ती पुढे जाते. विषाणूच्या प्रथिनाचा एखादा जरी तुकडा दिसला, तरी तिथे थांबते.

याचा धागा 1974 साली हाती लागला. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी उंदरांवर काम करत होते. विषाणूची लागण झालेल्या उंदराच्या टी पेशी त्याच वंशाच्या उंदराच्या लागण झालेल्या पेशी मारत होत्या. दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या पेशींना तोच विषाणू झालेला असला तरी सोडून देत होत्या. याचा अर्थ, टी पेशी नुसता विषाणू पाहत नाही. आपल्याच एचएलएवर मांडलेला विषाणूचा तुकडा, अशी जोडी ती ओळखते. 1996 साली दोघांना नोबेल मिळालं. या एका निरीक्षणावर पुढचं बरंच शास्त्र उभं आहे, म्हणून ते लक्षात ठेवावं.

आता एक मारणं अगदी जवळून पाहू. मारक टी पेशी चाचपडत सरकते आहे. एका पेशीला टेकते, सोडते. दुसरीला टेकते, सोडते. तिसरीपाशी तिच्या पटलावरच्या ग्राहकांना, म्हणजे खुणा ओळखणाऱ्या रेणूंना, ओळखीची जोडी सापडते आणि ती जागीच थबकते. तिच्या आत कॅल्शियम उसळतं. समोरच्या पेशीला ती घट्ट चिकटते आणि चिकटलेल्या जागेभोवती एक कडं तयार होतं, म्हणजे आतला माल आजूबाजूच्या निरपराध पेशींवर सांडत नाही. मग टी पेशीच्या आतल्या विषाच्या पुटकुळ्या त्या बाजूला सरकतात आणि रिकाम्या होतात. त्यांत मुख्यतः दोन गोष्टी असतात: परफोरिन आणि ग्रॅन्झाइम.

पुटकुळीच्या आत आम्लता असते, त्यामुळे परफोरिन तिथे निपचित असतं. बाहेर पडून कॅल्शियम मिळालं की ते समोरच्या पेशीपटलावर बसतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडून गोल कडी करतात आणि पटलाला भोक पडतं. हे भोक मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास रुंद असतं. पेशी ते बुजवायला लगेच धावते, आणि बरेचदा बुजवतेही. पण तोवर ग्रॅन्झाइम आत शिरलेलं असतं. ते आत गेलं की निद्रिस्त कॅस्पेजांना कापून जागं करतं. दुसरीकडे ते बिड नावाचं प्रथिन कापतं, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियाच्या भिंती फुटतात, सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं आणि पेशीचा ऊर्जेचा पुरवठाच ढासळतो. डीएनएचे तुकडे पडतात. विषाणूचं नवं पीक तयार होत असेल तर त्याचाही कारखाना बंद होतो. पटलाच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेद बाहेर येतं. ते दिसलं की भक्षक पेशी येऊन अवशेष गिळतात. तोवर मारणारी टी पेशी तिथून सुटून पुढच्या दाराला लागलेली असते.

इथे एक शंका कुणालाही यावी. परफोरिन दोन्ही पेशींच्या मधल्या फटीत ओतलं जातं. मग टी पेशीच्या स्वतःच्या पटलाला भोक का पडत नाही? ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी 2019 मध्ये याचं उत्तर दिलं. टी पेशीच्या त्या बाजूच्या पटलातले मेदाचे रेणू इतके दाटीवाटीने बसलेले असतात की परफोरिनला तिथे नीट रुतता येत नाही. आणि जे थोडं रुततं, ते तिथल्या ऋण भाराच्या मेदाला चिकटून निकामी होतं. मला हा या सगळ्या शास्त्रातला सर्वांत देखणा भाग वाटतो. मारण्याची आणि वाचण्याची सोय एकाच पटलात केलेली आहे.

निरोप पोचवायचा दुसराही एक रस्ता आहे. टी पेशीच्या अंगावर फास-लिगँड नावाचं प्रथिन असतं आणि समोरच्या पेशीवर फास नावाचा ग्राहक असतो. दोघांची गाठ पडली की भोक न पाडताच आतलं कॅस्पेज-8 जागं होतं आणि तीच साखळी सुरू होते. संसर्ग आटोपल्यावर लाखोंनी वाढलेल्या टी पेशींची संख्या खाली आणायला शरीर याच मार्गाची मदत घेतं.

परफोरिन नसलं तर काय होतं, हे काही दुर्दैवी बाळांमुळे कळलं. 1999 साली एका आनुवंशिक आजाराचं कारण परफोरिनच्या जनुकातला बिघाड आहे असं सिद्ध झालं. अशा बाळाच्या टी पेशी विषाणूबाधित पेशीला ओळखतात, चिकटतात, पण मारू शकत नाहीत. मारता येत नाही म्हणून सुटताही येत नाही. चिकटलेल्या अवस्थेत त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडत राहतात, भक्षक पेशी पेटून उठतात, ताप उतरत नाही, प्लीहा आणि यकृत सुजतात, रक्तपेशी घटत जातात. वेळेत बोन मॅरो बदलला नाही तर बाळ हाती लागत नाही. मारक पेशीने मारणं ही लढाई थांबवण्याचीही खूण असते, हे या आजाराने शिकवलं.

मुंबईकरांना हे मारणं कुठे दिसतं? काविळीत. पावसाळ्यात पाण्याच्या लाइनीत गटाराचं पाणी मिसळलं की उपनगरांतल्या वस्त्यांत हिपॅटायटिस ए आणि ई डोकं वर काढतात. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, डॉक्टर एसजीपीटी करायला सांगतात आणि आकडा हजाराच्या वर जातो. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीतलं विकर. पेशी मेली की ते रक्तात उतरतं. हिपॅटायटिस एचा विषाणू यकृताच्या पेशीला स्वतः फारसा मारत नाही. तो आत बसून वाढतो, आणि त्याचे तुकडे दाराबाहेर दिसले की आपल्याच मारक पेशी त्या यकृतपेशी संपवतात. म्हणजे त्या रिपोर्टवरचा चढलेला आकडा बव्हंशी आपल्याच बचावाची किंमत असते. यकृत पुन्हा वाढतं, म्हणून बहुतेक माणसं महिन्या-दोन महिन्यांत बरी होतात. हिपॅटायटिस बी मध्ये ही लढाई वर्षानुवर्षं अर्धवट चालू राहिली, तर यकृताला व्रण पडत जातात.

विषाणूही कच्च्या गुरूचे चेले नसतात. सायटोमेगॅलो विषाणू पेशीचे एचएलए रेणूच आत ओढून नष्ट करतो. बादलीच बाहेर आली नाही तर टी पेशी तपासणार काय? त्यासाठी वेगळी फौज आहे: नैसर्गिक मारक पेशी. 1975 च्या सुमारास स्टॉकहोममध्ये आणि अमेरिकेत त्यांचा शोध लागला, आणि पुढे 1986 मध्ये क्लास कॅरे यांनी त्यांचं तर्कशास्त्र उलगडलं. ज्या दारात बादली नाही, तिथेच या पेशींना संशय येतो. हत्यार तेच, परफोरिन आणि ग्रॅन्झाइम. ओळखण्याची रीत मात्र उलटी.

कॅन्सरकडे वळल्यावर खरी पंचाईत होते. विषाणूची प्रथिनं परकी असतात. कॅन्सरची पेशी घरचीच. तिच्या तुकड्यांत वेगळं दिसेल असं फार थोडं असतं. काही गाठी एचएलए कमी करतात. काही अंगावर पीडी-एल1 नावाचं प्रथिन मांडतात; ते टी पेशीवरच्या पीडी-1 ला भिडलं की टी पेशीला ब्रेक लागतो आणि ओळख पटूनही ती हात उचलत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही, कारण तंबाखू-गुटख्याने होणारा तोंडाचा कॅन्सर इथे घरोघर माहीत आहे. टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन संस्थेत डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांमधल्या टी पेशींच्या एका अल्पसंख्य गटाचा पाठपुरावा केला. या गॅमा-डेल्टा टी पेशींना एचएलएवर मांडलेला तुकडा लागत नाही. ताणाखाली आलेल्या पेशीच्या अंगावर दिसणारी खूण त्यांना पुरते. तोंडाच्या गाठीच्या पेशींवर उष्माघात प्रथिन-60 दिसतं आणि गॅमा-डेल्टा पेशी ते ओळखतात, असं त्यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवलं. अन्ननलिकेच्या कॅन्सरबाबतही त्यांनी असंच काम केलं. त्या पुढे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या संस्थेच्या संचालक झाल्या. गॅमा-डेल्टा पेशींवर आज जगभर उपचार आखले जात आहेत. त्यात मुंबईतल्या या कामाचं नाव जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही, असं माझं मत आहे.

ओळख पटत नसेल तर टी पेशीला नवे डोळेच द्यावेत, ही कल्पना इस्रायलच्या झेलिग एशहार यांची. प्रतिपिंडाचा, म्हणजे अँटिबॉडीचा पकडणारा भाग टी पेशीच्या आतल्या इशारा देणाऱ्या भागाला जोडायचा; 1989 मध्ये त्यांच्या गटाने ते करून दाखवलं. अशा पेशीला एचएलए लागत नाही, बादली तपासावी लागत नाही. यालाच पुढे कार-टी पेशी म्हणू लागले. एप्रिल 2012 मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या ल्युकेमियाने खंगलेल्या लहान मुलीला त्या दिल्या गेल्या आणि तिचा कॅन्सर गेला. 2017 मध्ये अमेरिकेत या उपचाराला मंजुरी मिळाली तेव्हा किंमत होती 4 लाख 75 हजार डॉलर. भारतातल्या रुग्णाला याचा उपयोग शून्य.

पवईत पुरवार आणि त्यांचे विद्यार्थी अलका द्विवेदी आणि अथर्व कारुळकर यांनी ही पेशी स्वतः बांधायला घेतली. परदेशातल्या कार-टीमध्ये पकडणारा भाग उंदराच्या अँटिबॉडीतून घेतलेला असे; इथे तो बदलून मानवी अँटिबॉडीच्या जवळ आणला गेला. 2018 मध्ये आयआयटीतच इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी स्थापन झाली. टाटा मेमोरियलचे डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांनी रुग्णांवरच्या चाचण्यांची बाजू सांभाळली. जून 2021 मध्ये खारघरला पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या, ऑक्टोबर 2023 मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईच्या आयआयटीत येऊन नेक्सकार19 या नावाने या उपचाराचं लोकार्पण केलं.

उपचार होतो तो असा. रुग्णाच्या एका हातातून रक्त यंत्रात जातं, पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या जातात आणि उरलेलं रक्त शरीरात परत येतं. यात काही तास जातात. प्रयोगशाळेत त्यांतल्या टी पेशींमध्ये निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मार्फत नवं जनुक घातलं जातं. पेशी वाढवतात, तपासतात, गोठवून हॉस्पिटलला पाठवतात. इकडे रुग्णाला थोडी केमो देऊन शरीरात जागा करतात. मग एक लहानशी पिशवी शिरेवाटे सोडली जाते. हे औषध जिवंत असतं आणि शरीरात गेल्यावर वाढतं.

आता या पेशी सीडी19 शोधतात. बी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून होणाऱ्या ल्युकेमिया आणि लिम्फोमामध्ये कॅन्सरच्या पेशीवर हे प्रथिन असतं. ते दिसलं की पुढे सगळं वर पाहिलं तसंच: परफोरिन, ग्रॅन्झाइम, कॅस्पेज. मात्र इथे एकदम फार मोठ्या संख्येने पेशी मरतात, आणि ग्रॅन्झाइम काही पेशींत गॅसडर्मिन नावाचं प्रथिनही कापतं. मग पेशी शांतपणे न मिटता फुटते आणि तिच्या सांडलेल्या मालाने भक्षक पेशी चवताळतात. रक्तात इंटरल्युकिन-6 चढतं, ताप फणफणतो, रक्तदाब पडतो. एमिलीचाही जीव याच वादळात जाता जाता वाचला, तो इंटरल्युकिन-6 चा मार्ग अडवणाऱ्या टोसिलिझुमॅब या संधिवाताच्या औषधाने. आता ते औषध हाताशी ठेवूनच उपचार करतात. सीडी19 निरोगी बी पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मरतात आणि रुग्णाला बराच काळ संसर्गापासून जपावं लागतं. आणि काही कॅन्सर सीडी19 च टाकून देतात आणि परत येतात. म्हणजे ओळखण्याचा प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभा राहतो.

2025 मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या नियतकालिकात मुंबईच्या चाचणीचे निकाल आले. इतर उपचार हरलेले 64 रुग्ण त्यात होते. ज्यांच्यात परिणाम मोजता आला त्यांतल्या 73 टक्क्यांना उपचार लागू पडला. दोन मृत्यू उपचाराशी संबंधित होते. ज्यांच्यापुढे दुसरा रस्ता उरला नव्हता, त्यांच्यासाठी हा आकडा मोठा आहे. पण लागू पडलेल्या सगळ्यांचा आजार कायमचा गेला असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

तोंडाच्या कॅन्सरवर कार-टी अजून चालत नाही. तिथे टाटाच्या डॉक्टरांनी ब्रेकचा मार्ग धरला. पीडी-1 वरचं निव्होलुमॅब हे औषध टी पेशीचा ब्रेक सोडवतं, पण नेहमीच्या मात्रेत ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी दर दोन आठवड्यांच्या 240 मिलिग्रॅमऐवजी दर तीन आठवड्यांना फक्त 20 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, गोळ्यांच्या स्वस्त उपचाराच्या जोडीला. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांच्या या चाचणीत नुसत्या गोळ्यांवर एका वर्षाने 16.3 टक्के रुग्ण जिवंत होते. या अल्प मात्रेची जोड दिल्यावर 43.4 टक्के. टी पेशीवरचे पीडी-1 झाकायला इतकं थोडं औषधही पुरतं, असा यामागचा तर्क होता. परवडत नाही या अडचणीतून निघालेला हा प्रश्न श्रीमंत देशांतल्या कंपन्यांनी कधी विचारला नसता.

नेक्सकार19 ची किंमत परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्शावर आली आहे. तरी लोकार्पणाच्या सुमारास ती 30 ते 40 लाखांच्या घरात होती, आणि मुलुंड-बोरिवलीतल्या नोकरदार कुटुंबालाही त्यासाठी घर गहाण टाकावं लागलं असतं. ही किंमत उतरवण्यासाठी सरकारने आणि विमा योजनांनी यात उतरलंच पाहिजे.

घरात कुणाला रक्ताचा कॅन्सर निघाला असेल, तर एक सांगणं. मंजुरी मिळाली तेव्हा हा उपचार 15 वर्षांवरच्या, आणि नेहमीच्या उपचारांनंतर आजार उलटलेल्या किंवा न हटलेल्या रुग्णांसाठी होता. लहान मुलांचा लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया बहुतेकदा साध्या केमोने बरा होतो, मात्र ती दोन-तीन वर्षं न चुकता पूर्ण करावी लागते. मूल बरं दिसायला लागलं म्हणून ती मध्येच सोडून गावी परतू नका. पैशांची अडचण असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, आणि आजार उलटलाच तर टी पेशींच्या उपचाराबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.